लॅव्हेंडर? तेही बीडमध्ये?

बीडमध्ये लॅव्हेंडर लावायचं म्हटलं की दोन उत्तरं हमखास येतात. एक, "ते थंड हवेतलं झाड, इथं कुठं जगतंय?" दुसरं जरा टोचणारं, "इथं प्यायला पाणी नाही, अन् हिला वासाच्या फुलांचे चोचले!" मैत्रिणींनो, हे दुसरं उत्तर मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

पाण्याचं म्हणाल तर ते खरंच आहे. 2016 च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, आणि आपल्या गल्ल्यांमध्ये टँकरच्या मागं हंडे घेऊन पळणं काय असतं, ते मी तुम्हाला नव्यानं सांगायला नको. पण गंमत बघा. लॅव्हेंडरचं माहेर भूमध्य समुद्राकाठच्या खडकाळ, कोरड्या डोंगरांवर. तिथं उन्हाळाभर पाऊस जवळपास नसतोच. पाणी उडून जाऊ नये म्हणून त्याची पानं अरुंद, करडी, बारीक लव असलेली. एकदा मूळ धरलं की आपल्या मोगऱ्यापेक्षा ते कितीतरी कमी पाण्यावर राहतं. आपल्याकडं ते तहानेनं कमी आणि लाडानं जास्त मरतं. तुळशीला घालतो तसा रोज तांब्याभर पाणी घातलं की आठ-पंधरा दिवसांत मुळं कुजली म्हणून समजा. उरलंसुरलं श्रावणातली झड संपवते. म्हणजे त्याचा खरा वैरी आपला मे महिना नाही, आपला पावसाळा आहे.

राहिले चोचले. आपल्या अंगणातल्या झाडांकडं जरा बघा. तुळस देवासाठी, कढीपत्ता फोडणीसाठी, गवती चहा पाहुण्यांसाठी, कोरफड कुणी भाजलं-बिजलं तर. प्रत्येकाला काही ना काही काम लावलेलं. अगदी आपल्यासारखंच! फक्त मला वास आवडतो म्हणून एखादी कुंडी ठेवली तर त्याचा हिशेब कुणाला का द्यायचा? घरातला माणूस रोज चौकात चहा-तंबाखूवर पैसे घालतो, त्याला कुणी चोचले म्हणत नाही. अर्थात, दिवाळीच्या आसपास घराला कुलूप लावून ऊसतोडीला जाणाऱ्या बाईला ही एक कुंडीसुद्धा ठेवता येत नाही, हे मला ठाऊक आहे. तिच्यापुढं हा लेख वाचून दाखवायची माझी हिंमत नाही.

ज्यांना जमेल त्यांनी कुंडी मातीचीच घ्यावी, कुंभाराकडची, खाली मोठं भोक असलेली. नुसती काळी माती अजिबात नको, ती पाणी धरून बसते. एक भाग माती, दोन भाग जाड वाळू किंवा चाळलेला मुरूम, थोडे विटांचे तुकडे. आपल्या जमिनीत चुनखडीचा अंश असतो, तो या झाडाला मानवतो. शेणखत मूठभर पुरे; जास्त दिलं तर पाला माजतो आणि वास उतरतो. बोट दोन पेरं मातीत घालून बघायचं, कोरडं लागलं तरच पाणी. एप्रिल-मेमध्ये सकाळचं ऊन द्यावं, दुपारी सावलीत सरकवावं. जूनमध्ये मात्र कुंडी पत्र्याखाली घ्या, पण पागोळ्या पडतात तिथं नको. वारा खेळता हवा. फुलं येऊन गेली की हिरवे शेंडे तिसरा भाग छाटा, पण खालच्या जून लाकडाला कात्री लावू नका, तिथून ते सहसा फुटत नाही.

बियांच्या पाकिटांच्या नादी लागू नये, असं माझं स्पष्ट मत. पाकिटावर जांभळी शेतं दिसतात, पण बी तीन-चार आठवडे फ्रिजमध्ये थंडी खाल्ल्याशिवाय नीट उगवत नाही, आणि हे पाकिटावर कुणी सांगत नाही. त्यापेक्षा रोप घ्या. कातरलेल्या कडांच्या पानांचं, ज्याला फ्रेंच लॅव्हेंडर म्हणतात ते, आपल्या उष्ण हवेत जास्त टिकतं. इंग्लिश लॅव्हेंडरला फुलायला कडक थंडी लागते. त्याचे मळे जम्मूतल्या भद्रवाहला शोभतात. तिथं मक्याच्या जागी लॅव्हेंडर लावून शेतकऱ्यांनी तेलाचा धंदा उभा केला, आणि त्यामागं केंद्र सरकारच्या प्रयोगशाळेचं बळ होतं. ते बघून इथं एकरभर लावायचा विचार कुणी करू नये. आपल्याला पानं चुरगळल्यावर हाताला येणारा वास मिळाला, चार तुरे आले, तरी पुष्कळ.

आणि हे झाड अगदीच परकं नाही बरं का! तुळस, सब्जा, मरवा ही त्याचीच भावंडं, एका कुळातली. मरवा तर त्याच भूमध्य मुलखातून आला आणि आपल्या गजऱ्यात जाऊन बसला. त्याहून नवल म्हणजे लॅव्हेंडरची एक रानटी जात आपल्या दख्खनच्या खडकाळ माळांवर आपोआप उगवते. घोडेघुई म्हणतात तिला. पिसासारखी चिरलेली पानं आणि पांढुरकी-निळसर बारीक फुलं. पाऊस सरला की दसरा-दिवाळीच्या सुमारास माळावर गेलात तर जरा खाली वाकून बघा. उपटू मात्र नका, कुंडीत ती रुसते. बी पिकू द्यावं, चिमूटभर आणावं, आणि लॅव्हेंडरच्या शेजारच्या कुंडीत मुरमावर टाकून ठेवावं.