उंदरांची साक्ष कोणी वाचावी?

विषाची परीक्षा माणसावर घेता येत नाही, म्हणून ती प्रयोगशाळेतील उंदरांवर घेतली जाते. ज्या मात्रेने उंदराला काहीच बाधा झाली नाही असे दिसते, तिला साधारणतः शंभराने भागले की माणसाच्या शरीरात रोज गेली तरी चालेल अशी मात्रा ठरते. भाजीपाल्यात किती कीटकनाशक उरलेले खपवून घ्यावयाचे, याचा हिशेब तिच्यावरूनच मांडला जातो. या साऱ्या डोलाऱ्याचा पाया एकच : ‘काहीच बाधा झाली नाही’ हे विधान. ते करणारा कोण?

क्लोरपायरिफॉसचे उदाहरण या बाबतीत उद्बोधक आहे. कापसाच्या पिकापासून घरातील वाळवीपर्यंत वापरले गेलेले हे द्रव्य मज्जासंस्थेतील कोलिनेस्टरेज या विकराला निकामी करते. तो विकर शाबूत असेल तर धोका नाही, असे दीर्घकाळ मानले गेले. 1998 मध्ये उत्पादक कंपनीसाठी झालेल्या प्रयोगात गाभण माद्यांना दर किलो वजनामागे रोज 0.3, 1 व 5 मिलिग्रॅम अशा मात्रा दिल्या गेल्या. पिल्लांच्या मेंदूवर खास असा परिणाम नाही, असा निष्कर्ष निघाला. वीस वर्षांनी, 2018 मध्ये, आक्सेल मी, क्रिस्टिना रुडेन व फिलिप ग्रांजां यांनी मूळ आकडे पुन्हा तपासले, तेव्हा मेंदूच्या वजनाच्या प्रमाणात लहान मेंदूची उंची तिन्ही मात्रांत, अगदी सर्वांत अल्प मात्रेतही, घटलेली आढळली. उंदरांनी साक्ष केव्हाच दिली होती.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हा आक्षेप नेहमीचा. निष्कर्ष सोयीचा असला म्हणजे मात्र तो कोणाला सुचत नाही! युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2019 मध्ये या द्रव्याची सुरक्षित मात्राच ठरविता येत नाही असे सांगितले व 2020 मध्ये युरोपीय संघाने मान्यतेचे नूतनीकरण नाकारले. 2025 च्या मे महिन्यात स्टॉकहोम कराराच्या सदस्यराष्ट्रांनी, अपवाद राखून का होईना, त्याच्या उच्चाटनाचा निर्णय घेतला. भारत सरकारने 2020 मध्ये बंदीसाठी सुचविलेल्या 27 कीटकनाशकांत ते होते. संपूर्ण बंदी मात्र 2023 च्या आदेशातही आली नाही.

चाचणीचा खर्च उत्पादकाने सोसणे न्याय्यच आहे. परंतु प्रयोगशाळा त्यानेच निवडावी, आकडे त्यानेच लावावेत आणि शासनाने केवळ सारांश वाचून शिक्का मारावा, ही रीत बदलली पाहिजे. पैसा कंपनीकडून घेऊन प्रयोगशाळेची निवड नियामकाने करावी आणि प्रत्येक पिंजऱ्यातील मूळ नोंदी, मान्यता देण्यापूर्वीच, स्वतंत्र संशोधकांस खुल्या कराव्यात.