रोव्हानिएमीच्या पुढे चला

हिवाळा आला की व्हॉट्सॲपवर फिनलंडचे फोटो सुरू होतात. रोव्हानिएमीतला सांता, काचेच्या छताची खोली, रेनडिअरची घसरगाडी, आणि नशीब असेल तर आकाशातला हिरवा प्रकाश. लाखो रुपये मोजून चार-पाच दिवसांत माणसं परततात आणि सांगतात, ‘टुंड्रा पाहिला, तिथले मूळ रहिवासीही पाहिले.’ आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला असल्यामुळे मला हे ऐकवत नाही. रोव्हानिएमीला टुंड्रा नाही, पाइन आणि स्प्रूसचं जंगल आहे. तिथल्या मूळ रहिवाशांचा, म्हणजे सामींचा, फिनलंडच्या कायद्याने मान्य केलेला प्रदेशही तिथून बराच उत्तरेला सुरू होतो. उलट, सामींच्या निळ्या-लाल पोशाखाची नक्कल अंगावर चढवून पाहुण्यांचं स्वागत करण्याचा धंदा याच भागात वर्षानुवर्षं चालला. फिनलंडमधल्या सामी संसदेने २०१८ मध्ये पर्यटनासाठी नीतितत्त्वं जाहीर केली, ती याच चिडीतून.

माझं म्हणणं एवढंच, की तिथवर गेलाच आहात तर आणखी सुमारे ३२५ किलोमीटर उत्तरेला इनारीपर्यंत जा. सरोवराकाठच्या या छोट्या गावात सीडा हे सामींचं संग्रहालय आहे. हेलसिंकीच्या राष्ट्रीय संग्रहालयाने २०२१ मध्ये दोन हजारांहून जास्त वस्तू इथे परत दिल्या. चमचे, पट्टे, पाळणे, सगळं ज्यांचं होतं त्यांच्या गावी आलं. त्याच गावात फिनलंडच्या सामी संसदेची इमारतही आहे.

इनारीजवळ रेनडिअर पाळणाऱ्या एका कुटुंबाकडे आम्ही दुपारभर बसलो होतो. रेनडिअरच्या कानावर खूण कशी करतात ते घरच्या बाईंनी पुठ्ठ्याचा कान कापून दाखवलं. प्रत्येक मालकाच्या खुणेची नोंद असते: डाव्या कानाला टोकाशी खाच, उजव्याला कडेला दोन. उन्हाळ्यात पाडसं पकडून चाकूने खूण करायची, कापलेले तुकडे खिशात टाकायचे आणि शेवटी तेच मोजायचे. आमच्यातल्या एकाने विचारलं, ‘तुमच्याकडे किती आहेत?’ बाई हसल्या आणि विषय बदलला. बँकेत किती पैसे आहेत असं विचारण्यासारखंच ते. सहलीला निघण्याआधी हे आपल्याला कुणी सांगत नाही, याचं मला वाईट वाटतं.

पुढे नॉर्वेतलं करासजोक. इथे नॉर्वेतल्या सामींची संसद आहे आणि संग्रहालयही. या संग्रहालयातल्या एका ढोलाची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. अँडर्स पोल्सन या सामी वृद्धावर १६९२ मध्ये वाड्सो इथे जादूटोण्याचा खटला चालला. निकाल लागण्याआधीच त्याचा खून झाला आणि त्याचा ढोल डेन्मार्कला गेला. पुढे तो उसनवारीवर करासजोकला आला, पण त्याची मालकी सामींकडे यायला २०२२ उजाडावं लागलं.

खरा टुंड्रा पाहायचा तर आणखी ईशान्येला, वारांगर द्वीपकल्पावर जायला हवं. बर्च घोट्याएवढा होतो आणि मग संपतोच. उरतं ते दगडफूल, वर्षाला काही मिलिमीटर वाढणारं. हिवाळ्यात रेनडिअर बर्फ उकरून तेच खातात. हल्ली भर थंडीत पाऊस पडतो, तो गोठून बर्फावर कडक कवच तयार होतं आणि खाली चारा असूनही जनावर उपाशी राहतं. मग मालकाला विकतचं खाद्य घालावं लागतं. हे समजून घ्यायला सप्टेंबर चांगला. जमीन उघडी असते, लालभडक झालेली, आणि रात्री पुन्हा अंधार होऊ लागल्यामुळे तो हिरवा प्रकाशही दिसतो.

जमिनीवरचा हक्कही सामींना अजून भांडूनच मिळवावा लागतो. दक्षिणेकडे फोसेनमध्ये उभ्या केलेल्या पवनचक्क्यांचे परवाने नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये अवैध ठरवले, कारण त्यांनी सामींची हिवाळी कुरणं गिळली होती. निकालानंतरही पाती फिरतच राहिली. २०२३ मध्ये सामी तरुणांनी ऑस्लोत मंत्रालयांची दारं अडवली, तेव्हा कुठे सरकारने माफी मागितली.

म्हणून बुकिंग करताना टूरवाल्याला थेट विचारा: रेनडिअर कुणाचे, पोशाख घालणारा माणूस स्वतः सामी आहे का, आणि आमच्या पैशांतले त्या कुटुंबाला किती मिळतात? उत्तर देताना तो अडखळला, तर इनारीतल्या एखाद्या सामी कुटुंबाला स्वतः ई-मेल करा. फिरायला पैसे आपलेच जाणार आहेत, ते कुणाच्या हातात जावेत हे आपण ठरवू शकतो.