जंगलावरचे विमान आणि जमिनीवरचा पहारा

१९६७ सालच्या मार्च महिन्यात कॅलिफोर्नियाच्या उत्तर भागातील ट्रिनिटी पर्वतराजीत एक लहान विमान कोसळले. आतील तिघेही त्या आघातातून वाचले होते. त्यांपैकी मायलेकी सुमारे आठ आठवडे जिवंत होत्या, हे नंतर सापडलेल्या रोजनिशीवरून कळले. शोध घेणाऱ्यांना त्या बर्फात आणि झाडीत विमान दिसलेच नाही; त्याचे अवशेष ऑक्टोबरात एका शिकाऱ्याच्या दृष्टीस पडले. पुढे १९७० मध्ये अमेरिकन काँग्रेसने लहान विमानांवर संकटसंदेशक यंत्र सक्तीचे केले, त्यामागे ही हळहळ होती.

वनांच्या हवाई पाहणीचा विचार करताना ही घटना आठवल्यावाचून राहत नाही. ओरेगॉन व वॉशिंग्टन राज्यांत १९४७ पासून अशी पाहणी नियमितपणे होऊ लागली. किडीने पोखरलेली झाडे वरून तांबूस दिसतात; ती नोंदवण्यासाठी विमानाला जमिनीपासून हजार-दोन हजार फुटांवरून, दऱ्याखोऱ्यांतून जावे लागते. इंजिन बिघडले तर उतरायला जागा नाही, आणि मध्ये डोंगर आला की रेडिओचा आवाज खुंटतो. जून २०१० मध्ये पेनसिल्व्हेनियात अशाच कामावरचे विमान कोसळून वैमानिक व वनखात्याचे दोन कर्मचारी मृत्युमुखी पडले. त्या दुर्घटनेचे खापर दळणवळणावर फोडण्याचा येथे हेतू नाही. काम किती जोखमीचे आहे एवढेच त्यावरून कळावे.

या जोखमीवर तेथील वनखात्याने बसवलेली शिस्त मात्र मोलाची आहे. उड्डाणापूर्वी विमानात माणसे किती, इंधन किती तासांचे, मार्ग कोणता, हे नियंत्रण कक्षाला कळवायचे. नंतर दर १५ मिनिटांनी रेडिओवरून आपला ठावठिकाणा सांगायचा आणि कक्षातील माणसाने तो वेळेसह टिपून ठेवायचा. हे सारे कारकुनी वाटेल, आहेही. परंतु ताशी १८० किलोमीटर वेगाचे विमान १५ मिनिटांत ४५ किलोमीटर जाते. तेव्हा शेवटची नोंद चुकली, तर शोधाचा परीघ किती फुगतो, याचा हिशेब शाळकरी मुलगाही करील.

आता उपग्रहामार्फत दर दोन मिनिटांनी विमानाचा ठिपका पडद्यावर उमटतो. परीघ सहा किलोमीटरांवर आला. ही प्रगती निःसंशय स्वागतार्ह होय. पण ठिपका हाक मारीत नाही. तो थांबला हे कोणाच्या तरी लक्षात यावे लागते. म्हणूनच ठिपका दिसेनासा होताच पुन्हा १५ मिनिटांच्या रेडिओ संपर्कावर यावे, असा तेथील नियम आहे. यंत्र आल्यावर जुनी वही फेकून न देण्याचे हे शहाणपण आपल्याकडे दुर्मीळच!

आणि आपल्याला हा विषय परका नाही. २ सप्टेंबर २००९ रोजी आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री राजशेखर रेड्डी यांचे हेलिकॉप्टर नल्लमलाच्या अरण्यात नाहीसे झाले. साऱ्या राज्याची यंत्रणा शोधाला जुंपली, तरी अवशेष दिसायला दुसरा दिवस उजाडला. मुख्यमंत्र्यांची ही कथा, तर किडकी झाडे मोजायला गेलेल्या दोघा-तिघांसाठी किती धावाधाव होईल?

म्हणून माझा आग्रह उपकरणांच्या खरेदीपेक्षा त्या खुर्चीतल्या माणसाबद्दल आहे. उड्डाण चालू असताना त्याच्याकडे दुसरे काम देऊ नये. विमानाचा संदेश वेळेवर आला नाही, तर वरिष्ठांची परवानगी न मागता शोधाची हाकाटी करण्याचा अधिकार त्याला लेखी मिळावा. वैमानिक नुसताच विसरला होता असे बहुधा निघेल आणि त्या माणसाचे थोडे हसेही होईल. त्यासाठी त्याला मेमो मिळणार नाही, हेही त्याच आदेशात लिहून टाकावे. नाहीतर पुढच्या खेपेस तो साहेब जेवून परत येईपर्यंत थांबेल.