विश्लेषण : इवल्याशा ‘मॅक मिनी’साठी ६० हजार मोजावेत का?

अ‍ॅपलचा एम४ चिप असलेला मॅक मिनी नोव्हेंबर २०२४ मध्ये विक्रीस आला, तेव्हा भारतातील त्याची सुरुवातीची किंमत ५९,९०० रुपये होती. पाच इंच लांबी-रुंदीच्या या संगणकासाठी एवढी रक्कम रास्त आहे का?

या किमतीत काय मिळते?

वेगवान चिप, १६ जीबी रॅम आणि २५६ जीबी स्टोरेज. मॉनिटर, कीबोर्ड आणि माउस वेगळे घ्यावे लागतात. ते घरात आधीपासून असतील, तरच हा सौदा स्वस्त ठरतो.

खरी मेख कुठे आहे?

५१२ जीबी स्टोरेजच्या मॉडेलची किंमत ७९,९०० रुपये ठेवण्यात आली. म्हणजे वाढीव २५६ जीबीसाठी तब्बल २० हजार रुपये. शिवाय रॅम चिपसोबतच जोडलेली असल्याने ती नंतर वाढवता येत नाही. अनेक विंडोज मिनी पीसींमध्ये मात्र रॅम आणि एसएसडी दोन्ही बदलता येतात.

मग कोणी घ्यावा?

व्हिडीओ एडिटिंग किंवा प्रोग्रॅमिंग करणाऱ्यांना सुरुवातीचे मॉडेल परवडते. हिशेबासाठी ‘टॅली’ वापरणाऱ्या दुकानदाराला विंडोज मिनी पीसीच सोयीचा, कारण हे सॉफ्टवेअर विंडोजसाठी बनवलेले आहे.

जादा पैसे कशावर खर्चावेत?

जागा कमी पडली, तर बाहेरून एसएसडी जोडता येते. रॅमचा निर्णय मात्र खरेदीच्या दिवशीच घ्यावा लागतो. त्यामुळे हात सैल सोडायचाच असेल, तर तो रॅमसाठी सोडावा, स्टोरेजसाठी नव्हे.