जुन्या सायकलीचा मूळ रंग

दसरा जवळ आला म्हणजे आमच्या सोलापुरांत घरोघरीं सायकली धुतल्या जातात, खंडेनवमीस त्यांस हार घातला जातो, आणि पुष्कळदां त्याआधीं रंगाचा नवा हातही फिरतो. हा उत्साह आम्हांस प्रिय आहे. परंतु आजोबांची सायकल रंगविण्यापूर्वीं तिचा मूळ रंग कोणता होता हें पाहावें, अशी आमची वाचकांस विनंती आहे.

येथें 1877 सालीं पहिली कापडगिरणी सुरू झाली. त्या जुन्या गिरण्यांपैकीं बहुतेक आज बंद आहेत. कामकऱ्यांच्या सायकली मात्र कित्येक घरीं अजून उभ्या आहेत. स्वातंत्र्यापूर्वीं बहुतेक सायकली इंग्लंडांतून येत. नॉटिंगहॅमची रॅले, बर्मिंगहॅमची बी.एस.ए. व हर्क्युलिस हीं नांवें वडील मंडळींस ठाऊक असतील. त्या बहुधा काळ्या असत. रंग भट्टींत भाजून पक्का करीत व वर बारीक रेघा ओढीत.

मूळ रंग शोधण्यास मोठें शास्त्र नको, धीर मात्र हवा. चादर उन्हानें विटली तरी घडीच्या आंत तिचा रंग ताजा राहतो, हें सोलापूरकरांस सांगावयास नको. सायकलीच्याही अशा घड्या असतात: समोरील बिल्ल्याखालीं, दिव्याच्या कडीखालीं, सीटची दांडी आंत शिरते तेथें. तेथेंही न दिसल्यास आडबाजूस रुपयाएवढी जागा बारीक पॉलिशपेपर पाण्यांत भिजवून हलकेंच घासावी. रंगाचे थर वर्तुळांप्रमाणें एकामागून एक दिसूं लागतात. जुन्या रंगांत शिसें असण्याचा संभव असतो. म्हणून कोरडें घासूं नये, व मुलांनीं हें काम वडील माणसांच्या देखरेखीखालींच करावें. आणखी एक चकवा ध्यानांत ठेवावा. वरील वार्निश कालांतरानें पिवळें पडतें, त्यामुळें मूळचा निळा रंग हिरवट भासतो.

आमच्या परिचयाच्या एका घरीं अशीच एक हिरवी सायकल होती. नातवानें दिव्याची कडी काढली, तों खालीं काळा रंग व सोनेरी रेघ! सर्व हिरवा रंग खरवडण्याचा बेत ठरला. तेव्हां आजी म्हणाली, "कारखान्यांतून ती काळी आली असेल, बाळा, पण हा हिरवा रंग तुझ्या बापाच्या शाळेच्या पहिल्या दिवसासाठीं तुझ्या आजोबांनीं आपल्या हातानें दिला. नवी घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून जुनीच नवी केली." नातवाचा हात थांबला.

कारखान्याचा तेवढाच रंग खरा, असें मानणाऱ्यांशीं आमचा येथें मतभेद आहे. कारखान्यानें तो काळा रंग हजारों सायकलींस दिला. हा हिरवा रंग एकीसच मिळाला. तथापि काळा रंग शोधलाच नसता, तर आजीची ही हकीकतही कोणास कळली नसती. म्हणून शोध अवश्य करावा, सांपडेल तें वहींत टिपून ठेवावें, गंजास तेल लावावें. पण घरांतील वृद्धांस विचारल्यावांचून कांहींही खरवडूं नये. काळा रंग पुन्हां केव्हांही देतां येईल, आजोबांच्या हातचा हिरवा मात्र पुन्हां मिळणार नाहीं.

ती सायकल आजही हिरवीच आहे. कडीखालची बोटभर जागा तेवढी काळी सोडली आहे, व घरीं येणाऱ्यास नातू ती कौतुकानें दाखवितो.