यंत्र आले, आता मुकादमाने काय करावे?

शेतकरी व कारागीर बंधूंनो, हल्ली कारखान्यात हजेरी यंत्र घेते, काम यंत्र मोजते, कोणास कोणती पाळी द्यावी हेही यंत्रच ठरवू लागले आहे. मग मजुरांवर नेमलेल्या साहेबाने व मुकादमाने काय करावयाचे? हा प्रश्न मालकांचा, असे समजून आपण स्वस्थ बसू नये. आपल्या पोरांच्या भाकरीशी त्याची गाठ आहे.

मुंबईच्या गिरण्यांतील जॉबर आठवा. नोकरी तो देई, दस्तुरी तो घेई आणि मर्जी फिरली की घरीही तोच बसवी. अस्पृश्य मानलेल्या मजुरास तर साचाखात्यात शिरकावच नसे. १९३१ साली रॉयल लेबर कमिशननेही जॉबराच्या या सत्तेवर बोट ठेवले. तेव्हा यंत्रास जात नाही व लाच नाही, असे कोणी म्हटले तर त्यात तथ्य आहे. पण यंत्रास शिकविणारा माणूसच. त्याचा पक्षपात यंत्रात उतरतो. शिवाय जॉबरास निदान वाटेत गाठून जाब विचारता येई. यंत्रास कोठे गाठावे?

जपानात साकिची तोयोदा यांनी १९२४ साली असा साचा सिद्ध केला की, धागा तुटताच तो आपोआप थांबे. त्यामुळे एका माणसास पुष्कळ साचे सांभाळता आले. पहाऱ्याचे काम यंत्राने घेतले. धागा का तुटला हे पाहून तो सांधणे माणसाकडे राहिले. मुकादमीचेही तसेच व्हावे. पहारा यंत्राने करावा. मुकादमाने नवे काम शिकवावे, गाऱ्हाणे ऐकावे आणि यंत्र चुकले तर त्याचा हुकूम फिरवावा. मजुरांस न विचारता कामाची रीत बदलली म्हणजे काय होते, हे मुंबईने १९२८ साली पाहिले. दोनांऐवजी तीन साचे चालवा, हे त्या संपाचे एक मोठे कारण होते. गिरण्या सुमारे सहा महिने बंद राहिल्या.

युरोपीय संघाने २०२४ साली ॲपवरील कामगारांसाठी कायदा केला, की कामावरून दूर करण्याचा निर्णय माणसानेच घ्यावा. असा नियम आपल्याकडे प्रत्येक कारखान्यात हवा, आणि तो नुसता कागदावर नको. ज्यास हुकूम फिरविता येत नाही तो मुकादम नव्हे, यंत्राचा शिपाई होय.

म्हणून मुलगा कामास लागेल त्याच दिवशी त्यास विचारावयास सांगा: यंत्राने माझी मजुरी चुकीची कापली, तर दाद कोणाकडे मागू? नाव मिळाले नाही तर सर्वांनी मिळून ते मागावे. एकट्याचे गाऱ्हाणे वाऱ्यावर जाते.