सहलीचा खर्च कोणत्या खात्यात?



मार्च संपला, की गावोगावच्या आपल्या महिला मंडळांचे वार्षिक हिशेब सभेपुढे येतात. पाठशाळा, औषधदान, शिष्यवृत्ती या रकमांवर कोणी काही बोलत नाही. मात्र ‘सहल व स्नेहमेळावा’ ही ओळ वाचली जाताच एखादे ज्येष्ठ गृहस्थ हमखास विचारतात, ‘याची आवश्यकता होती काय?’ प्रश्न अप्रामाणिक नसतो. समाजाचा पैसा कसा खर्च व्हावा, हे विचारण्याचा अधिकार प्रत्येक सभासदास आहे. तथापि उत्तर देण्यापूर्वी दूरच्या एका देशातील ग्रामीण स्त्रियांचा अनुभव पाहणे उपयुक्त ठरेल.

तो देश म्हणजे आयर्लंड. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथील खेडी परदेशगमनामुळे ओस पडत होती. शेतघरे एकमेकांपासून दूर, हवा पावसाळी, आणि स्त्रीच्या वाट्याला चूल, गोठा व विहीर. सर होरेस प्लंकेट यांनी तेथे सहकारी दुग्धालयांची चळवळ उभी केली होती. उत्तम शेती, उत्तम व्यवहार आणि उत्तम जीवन अशी तिची त्रिसूत्री होती. पहिल्या दोन सूत्रांचे काम पुरुषांनी हाती घेतले, तिसरे मात्र मागे राहिले. ते पुढे नेण्यासाठी १९१० मध्ये वेक्सफर्ड परगण्यातील ब्री या लहानशा गावी ‘सोसायटी ऑफ द युनायटेड आयरिशविमेन’ ही संस्था स्थापन झाली. ॲनिटा लेट या तिच्या पहिल्या अध्यक्षा. १९३५ मध्ये संस्थेने ‘आयरिश कंट्रीविमेन्स असोसिएशन’ हे नाव धारण केले आणि त्याच नावाने ती आजही कार्यरत आहे.

या संस्थेच्या गावपातळीवरील शाखेस ‘गिल्ड’ म्हणतात. तिचे कामकाज वरवर पाहता अगदी साधे. महिन्यातून एक सायंकाळ गावातील सभागृहात जमायचे. मागील सभेचा वृत्तान्त वाचायचा. एखाद्या परिचारिकेचे किंवा बागतज्ज्ञाचे व्याख्यान ऐकायचे. क्रोशाचे विणकाम, फुलांची मांडणी किंवा घरी केलेला मुरांबा यांची छोटीशी स्पर्धा घ्यायची. त्यानंतर चहा आणि गप्पा. वर्षातून एखाद-दोन वेळा बस ठरवून पॉवर्सकोर्टच्या उद्यानासारखे एखादे रमणीय स्थळ पाहायचे, कधी नॉकच्या तीर्थस्थानी जायचे, कधी नाटकाला, आणि नाताळात सहभोजन. तेथील खानपान आपल्या आचाराशी जुळणारे नाही, हे उघड आहे. ते बाजूला ठेवून जे घेण्यासारखे आहे, तेवढेच आपण पाहू.

एवढ्या साध्या भेटीगाठींतून काय निष्पन्न झाले? पहिले उदाहरण पाण्याचे. दुसऱ्या महायुद्धानंतरही आयर्लंडमधील बहुसंख्य ग्रामीण घरांत नळ नव्हता. ग्रामीण विद्युतीकरणाची योजना १९४६ मध्ये सुरू झाली. वीज हळूहळू पोहोचू लागली, परंतु पाणी विहिरीवरून बादलीनेच आणावे लागे, आणि ते आणणारी व्यक्ती बहुधा स्त्रीच असे. नळयोजनेमुळे स्थानिक कर वाढतील, या भीतीने शेतकऱ्यांच्या संघटनेने १९६०च्या दशकात विरोध केला. तेव्हा या स्त्री-संस्थेने नळाच्या पाण्याचा आग्रह धरला, आणि प्रदर्शने व प्रचार यांच्या साहाय्याने घरोघरी विषय नेला. ज्या स्त्रिया वर्षानुवर्षे एका टेबलाभोवती चहा घेत आल्या होत्या, त्यांना घरच्या पुरुषांच्या मताविरुद्ध एकत्र उभे राहणे शक्य झाले. अनोळखी माणसे एका दिवसात अशी एकजूट करू शकत नाहीत.

दुसरे उदाहरण अर्थार्जनाचे. म्यूरियल गॅहन या कर्तबगार स्त्रीने १९३० मध्ये डब्लिन येथील सेंट स्टीफन्स ग्रीन चौकात ‘द कंट्री शॉप’ सुरू केले. खेड्यांतील विणकर आणि कारागीर यांच्या वस्तूंना तेथे शहरातील ग्राहक मिळू लागला. पुढे १९४७ मध्ये ‘कंट्री मार्केट्स’ ही सहकारी व्यवस्था उभी राहिली. भाजी, फुले, लोणी, विणलेली वस्त्रे यांची विक्री करून गृहिणी स्वतःच्या नावावर चार पैसे जमा करू लागल्या. ज्या घरात स्त्रीच्या नावे खाते असते, त्या घरातील तिच्या शब्दाचे वजन काय असते, हे बँकेच्या काउंटरमागे आयुष्य घालविलेल्या मनुष्यास निराळे सांगावे लागत नाही.

तिसरे उदाहरण शिक्षणाचे. अमेरिकेतील केलॉग प्रतिष्ठानाच्या साहाय्याने १९५४ मध्ये लाउथ परगण्यातील टर्मनफेकिन येथे ‘अन ग्रिअनान’ हे निवासी प्रौढशिक्षण केंद्र सुरू झाले. घराबाहेर कधीही एकटी न राहिलेली शेतकरी स्त्री तेथे काही दिवस राहून हस्तकला, पाककला, उद्यानविद्या शिकू लागली. त्या काळात ते तिच्यासाठी शिक्षण होते, विश्रांती होती आणि सहलही होती.

या संस्थेची एक शिस्त विशेष मननीय आहे. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यातील दुराव्याने ग्रासलेल्या त्या देशात तिने पंथभेद आणि पक्षभेद दाराबाहेर ठेवले. अनेकान्ताचा वारसा सांगणाऱ्या आपण, पंथ आणि पोटजाती यांच्या भिंती मंडळाच्या सभेत तरी किती ठेवाव्यात, याचा विचार करावा.

आजचे चित्र मात्र चिंतेपासून मुक्त नाही. नोकरी करणाऱ्या तरुण स्त्रियांना सायंकाळी वेळ नाही, सभासदांचे वय वाढले आहे. दुसरीकडे खेड्यांतील भेटीची ठिकाणेही कमी होत आहेत. एकट्या बँक ऑफ आयर्लंडने २०२१ मध्ये प्रजासत्ताकातील ८८ शाखा बंद केल्या. शाखा बंद होते तेव्हा केवळ व्यवहार थांबत नाही. ‘आज आजी आल्या नाहीत, बऱ्या आहेत ना?’ असे विचारणारा एक माणूसही कमी होतो. वृद्ध आणि एकट्या स्त्रीसाठी गिल्डची मासिक सभा नेमके हेच काम करते. बसमधील एक आसन रिकामे दिसले, तर कोणीतरी चौकशी करते.

आता आपल्या सभेतील त्या प्रश्नाकडे वळू. आपल्याही घरांतील मुले पुण्या-मुंबईस किंवा परदेशी आहेत. मोठ्या वाड्यांत एकेकटी आई राहते आहे. मंदिरात दर्शन होते, प्रवचन होते, परंतु मनातले बोलण्यास जागा मिळतेच असे नाही. सहल स्वाध्यायाची जागा घेऊ शकत नाही, आणि तिने ती घेऊही नये. परंतु जीवांनी परस्परांस आधार द्यावा, हा जो विचार आपल्या धर्माने सांगितला, तो आचरणात येण्यासाठी आधी परस्परांची ओळख व्हावी लागते.

म्हणून माझ्या तीन नम्र सूचना. पहिली, सहलीच्या खर्चाचा हिशेब चोख ठेवावाच, परंतु त्याच्या शेजारी आणखी एक नोंद असावी: कोण आल्या, कोण येऊ शकल्या नाहीत, आणि का? दुसरी, ज्या भगिनीस वर्गणी परवडत नाही, तिचा भार मंडळाने गाजावाजा न करता उचलावा. विधवा आणि एकट्या भगिनींस निमंत्रण पत्राने न देता घरी जाऊन द्यावे. तिसरी, सभेची वेळ नोकरदार सुनांना सोयीची असावी आणि पदे फिरती असावीत. एकाच हाती राहिलेले मंडळ त्या हातांबरोबरच थकते.

हिशेबशास्त्रात महसुली खर्च आणि भांडवली खर्च असा भेद केला जातो. पहिला वर्ष सरता सरून जातो, दुसऱ्याचे फळ अनेक वर्षे मिळते. आयर्लंडच्या स्त्रियांनी चहाच्या टेबलाभोवती जे जमविले, त्यातून पुढे घरात नळ आला. सहलीची ओळ पुढच्या वार्षिक सभेत वाचली जाईल तेव्हा ती कोणत्या खात्यात मांडावी, याचा निर्णय सभासदांनी हा भेद ध्यानात ठेवून करावा, एवढीच विनंती.